न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा समितीच्या मंडळींना वाटले असेल, हा गडी नेहमीप्रमाणे महाडवर बोलेल, नाहीतर येवल्यावर. ते विषय आपल्या पोराबाळांना पाठ आहेत आणि पाठच असले पाहिजेत. पण या खेपेला आम्ही एका न्यायाधीशाचे नाव घेऊन उभे आहोत. ते आपल्या समाजातले नव्हते, चळवळीतले नव्हते, आणि त्यांचा फोटो आपल्यापैकी कुणाच्याही भिंतीवर नाही. तरीपण शिरूरच्या बाजारात, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात गेली काही वर्षे जो आकडा रोज कानावर येतो, तो पन्नास टक्क्यांचा आकडा ज्या निकालातून निघाला तो निकाल त्यांचा. नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. 1964 ते 1966 या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते.

आमच्या वस्तीतली पोरे आम्हाला विचारतात, "काका, हे पन्नास टक्के घटनेत कुठं लिहिलंय?" आम्ही सांगतो, मूळ घटनेत कुठेच नाही. मग ते म्हणतात, "मग आलं कुठून?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आजचे भाषण. आम्ही वकील नाही. आमची शाळा नववीत सुटली आणि बाकीचे शिक्षण जिनिंगच्या रेच्यावर कापूस सारता सारता झाले. सरकी एका बाजूला आणि रुई एका बाजूला काढायची, हे आमचे काम. निकाल वाचतानाही आम्ही तेच करतो.

सातारा शहरापासून सुरुवात करू. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, 16 मार्च 1901 रोजी, त्याच सातारा शहरात एका संस्कृत पंडितांच्या ब्राह्मण घरात गजेंद्रगडकरांचा जन्म झाला. एकाच गावचे पाणी, पण एकाला ते वरून ओतून मिळायचे आणि दुसऱ्याच्या घरी पाण्याची घागर भरलेली. एवढे लक्षात ठेवा म्हणजे पुढचा हिशेब समजेल.

गजेंद्रगडकर धारवाडला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, एम. ए. झाले, कायद्याची परीक्षा दिली आणि 1926 साली मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. बाबासाहेब त्याआधीच, 1923 पासून, त्याच हायकोर्टात होते. गजेंद्रगडकर 1945 साली मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, जानेवारी 1957 मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि 1 फेब्रुवारी 1964 रोजी सरन्यायाधीश झाले. 15 मार्च 1966 ला निवृत्त झाले. नोकरीची यादी इथे संपवतो. महत्त्वाचे आहे ते या खुर्चीवर बसून काय केले ते.

त्याआधी खुर्चीची ताकद कुठून आली ते पाहू. त्यासाठी थोडे अमेरिकेला जाऊन यावे लागेल. तिथे जॉन मार्शल नावाचा न्यायाधीश होऊन गेला. जन्म 1755 चा. स्वातंत्र्याच्या लढाईत सैनिक म्हणून लढलेला, कायद्याचे रीतसर शिक्षण फार थोडे. 1801 पासून 1835 साली मरेपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, तो अमेरिकेचा सरन्यायाधीश होता. 1803 साली त्याच्यापुढे मार्बरी नावाच्या माणसाचा खटला आला. जुन्या सरकारने जाता जाता त्याची नेमणूक केली होती, पण नेमणुकीचा कागद त्याच्या हाती पडला नाही आणि नवे सरकार तो देईना. मार्शलने निकाल दिला की माणसाचा हक्क खरा आहे, पण ज्या कायद्याच्या आधाराने तो थेट आमच्याकडे आला तो कायदाच घटनेच्या विरुद्ध आहे, सबब तो कायदा रद्द. घटना वर आणि विधिमंडळाचा कायदा खाली, आणि हे ठरवणार कोर्ट, ही गोष्ट तिथे घातली गेली. गंमत अशी की अमेरिकेच्या घटनेत हे सरळ शब्दांत लिहिलेले नव्हते. मार्शलने तर्काने काढले. आणि हेही सांगितले पाहिजे की घटनेला सर्वांच्या वर बसवणारा हा माणूस स्वतः गुलाम बाळगत होता.

बाबासाहेब अमेरिकेत शिकलेले. त्यांनी आपल्याकडे तर्कावर काही सोडले नाही. आपल्या घटनेच्या कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. आणि कलम 32 मध्ये लिहिले आहे की हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क हादेखील मूलभूत हक्कच. 9 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. आपल्या शिरूर भागाला याची किंमत जास्त कळायला हवी. आपला मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजोबांच्या काळी वर फर्मान आणि खाली देशमुख-पाटील, मधे दाद मागायची जागा नाही. फर्मान चुकीचे आहे असे म्हणायला कुठले कोर्ट?

आता गजेंद्रगडकरांकडे परत येऊ. ही ताकद त्यांच्या हातात असताना 1964 साली मोठा पेच आला. उत्तर प्रदेशात केशव सिंग नावाच्या समाजवादी कार्यकर्त्याने एका आमदाराविरुद्ध पत्रक छापले. पत्रक! आपण सगळ्यांनी आयुष्यभर तेच केले आहे. विधानसभेने हक्कभंग धरून त्याला सात दिवस तुरुंगात टाकले. हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी जामीन दिला, तर विधानसभा म्हणाली, या न्यायाधीशांनाच धरून आमच्यापुढे हजर करा. मग हायकोर्टाचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि विधानसभेच्या त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवली. अखेर राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचे मत मागितले. सात न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि 30 सप्टेंबर 1964 रोजी सहा विरुद्ध एक असे मत दिले गेले, ते गजेंद्रगडकरांनी लिहिले. विधानसभेचे विशेषाधिकार आहेत हे खरे, पण नागरिक आपल्या स्वातंत्र्यासाठी हायकोर्टात गेला तर त्याचे दार बंद करता येणार नाही आणि दार उघडणाऱ्या न्यायाधीशाला सभागृह शिक्षा करू शकत नाही. आपल्या देशात सर्वांच्या वर घटना, कुठलेही सभागृह नाही, असा त्या मताचा सार आहे.

आता कामगाराच्या गोष्टीवर येतो. इथे आमचे मन जरा रेंगाळणार, माफ करा.

गजेंद्रगडकरांचे नाव कामगार कायद्यात फार मोठे आहे. 1957 साली क्राऊन अॅल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात त्यांनी लिहिले की ज्या धंद्याला आपल्या कामगाराला पोटापुरती किमान मजुरी देणे परवडत नाही, त्या धंद्याला चालण्याचाच हक्क नाही, आणि या तत्त्वाला अपवाद नाही. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले. कारण आमच्या आयुष्यात प्रत्येक मालकाने हेच सांगितले की "परवडत नाही". सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश त्याला उत्तर देतो की परवडत नसेल तर धंदा बंद कर, माणूस उपाशी ठेवू नकोस. आपल्या तालुक्यातून दसरा झाला की कोयता घेऊन फडावर जाणारे शेकडो जोडपी जातात. त्यांच्यापर्यंत हे वाक्य पोहोचलेले नाही.

बोनसचे मात्र दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. 1950 साली मुंबईच्या गिरण्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घातले. समजा गिरणीचा ढोबळ नफा शंभर रुपये. त्यातून आधी यंत्रांची झीज काढायची, मग आयकर, मग जुनी यंत्रे बदलण्यासाठीची रक्कम, मग भागभांडवलावर सहा टक्के, मग खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने काही. इतके सगळे काढून जे उरेल त्यात कामगाराचा बोनस. 1959 साली एसीसी सिमेंट कंपनीच्या खटल्यात गजेंद्रगडकरांनी हे सूत्र कायम ठेवले. एका अर्थाने हे मोठे पाऊल होते. बोनस ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हिशेबाने मागायची गोष्ट आहे, हे पक्के झाले. पण दुसऱ्या अर्थाने पाहा. कामगार पंगतीला शेवटी बसलेला. यंत्र बदलायची रक्कम मालक फुगवून सांगायचा आणि कामगाराच्या पत्रावळीवर वाढायची वेळ येईपर्यंत भांडे रिकामे. युनियनवाले याविरुद्ध ओरडत राहिले. अखेर बोनस आयोग बसला आणि 1965 साली कायदा झाला, त्यात नफा असो वा तोटा, किमान चार टक्के बोनस आला. पुढे तो 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाला एक पगार. तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत घेतला आहे.

आम्ही ज्या मिलमध्ये उमेदीची वर्षे घालवली, तिथे दिवाळीला बोनस म्हणून सोनपापडीचा डबा मिळायचा आणि वर मालकाच्या पाया पडायचे. हंगामी कामगाराला बोनस नसतो असे मुनीम सांगायचा आणि आम्ही ते खरे मानायचो. कायद्यात लिहिले आहे की वर्षात तीस दिवस काम केले तरी बोनसचा हक्क लागू होतो. पुढे एका संध्याकाळी आम्ही अकरा जणांनी डबे मुनीमाच्या टेबलावर परत ठेवले आणि लेखी अर्ज दिला. त्यानंतर तिघांना दुसऱ्या हंगामात कामावर घेतले नाही. बाकीच्यांना पैसे मिळाले. त्या तिघांत आम्ही होतो, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे.

आता मूळ प्रश्न, पन्नास टक्के.

लोकांना एकच निकाल माहीत आहे. आम्ही आधी दुसरा सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. रेल्वेने अनुसूचित जाती-जमातींना बढतीतही राखीव जागा दिल्या होत्या. मद्रास हायकोर्टाने त्या रद्द केल्या. रंगाचारी नावाचा हा खटला सुप्रीम कोर्टात आला आणि 1961 साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की कलम 16 (4) मधले आरक्षण फक्त नोकरीत शिरताना नाही, बढतीतही देता येते. बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. त्यातले एक मत फिरले असते तर आपल्यातले कितीतरी जण कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच रिटायर झाले असते. पुढे 1992 साली मंडल खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला, तेव्हा 1995 साली संसदेला सत्याहत्तरावी घटनादुरुस्ती करून बढतीतले आरक्षण टिकवावे लागले.

आणि रंगाचारीनंतर दीडच वर्षाने, 28 सप्टेंबर 1962 रोजी, त्याच न्यायाधीशांनी बालाजी खटल्याचा निकाल लिहिला. म्हैसूर सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत एकूण 68 टक्के जागा राखीव केल्या होत्या. अनुसूचित जातींना 15, जमातींना 3 आणि मागास व अतिमागास मिळून 50. भांडण या शेवटच्या पन्नासाचे होते. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मागासपणा ठरवताना जात पाहता येईल, पण फक्त जातच पाहून चालणार नाही. दुसरी, राखीव जागा ढोबळमानाने पन्नास टक्क्यांच्या आत असाव्यात, किती आत ते त्या त्या परिस्थितीवर अवलंबून.

"ढोबळमानाने" हा शब्द नीट ऐका. निकालात तो आहे. आकडा मोजून काढलेला नव्हता. किती लोक मागास, किती जागा, असा काही हिशेब त्यामागे नव्हता. अंदाजाने टाकलेली खूणगाठ होती. पुढच्या कोर्टांनी तिची लोखंडी बेडी केली. 1992 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पन्नास टक्के ही मर्यादा धरली आणि फक्त असाधारण परिस्थितीत सूट ठेवली. 5 मे 2021 रोजी मराठा आरक्षण याच मर्यादेवर अडले. 2024 साली पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा झाला, तोही कोर्टात गेला. मधल्या काळात, नोव्हेंबर 2022 मध्ये, आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्क्यांच्या वेळी बहुमताने सांगितले की ही मर्यादा काही न लवणारी नाही. आमच्यासारख्या माणसाला हे पाहून नवल वाटते. बेडी एकाच्या पायात लोखंडाची आणि दुसऱ्याच्या पायात रबराची कशी? आपल्या महाराष्ट्रात तर 13, 7, 11, 19 आणि 2 मिळून बेरीज आधीच 52 होते.

आम्ही कुण्या समाजाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला उभे नाही. आपल्या तालुक्यात सगळे शेजारीच आहेत, उद्या एकाच विहिरीवर आणि एकाच सोसायटीत भेटायचे आहे. पण आपल्यातले काही लोक म्हणतात, ब्राह्मण न्यायाधीश होता म्हणून त्याने पन्नासाची मेख मारली. हे आम्हाला पटत नाही, आणि ते इथे स्पष्ट सांगतो. 30 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खुद्द बाबासाहेब बोलले होते की राखीव जागा एकूण जागांच्या कमी हिश्श्यापुरत्या असल्या पाहिजेत. त्यांनी उदाहरण दिले, सत्तर टक्के राखीव आणि तीस टक्के खुल्या ठेवल्या तर समान संधीचे तत्त्व राहते का? आणि आरक्षण प्रमाणाबाहेर गेले असे कुणाला वाटले तर त्याने कोर्टात जावे, कोर्ट ठरवील, हेही त्यांनीच सांगितले. गजेंद्रगडकरांनी जे ठरवले ते ठरवण्याचा अधिकार त्यांना बाबासाहेबांनीच दिलेला होता. निकाल चुकला असे म्हणायचे तर खुशाल म्हणा, आम्हीही म्हणतो की आकडा हिशेबाशिवाय घातला. पण जातीवरून निकालाचा निकाल लावू नका. तसे केले तर रंगाचारीचे काय करणार? तोही त्याच हाताने लिहिला आहे.

शेवटचा निकाल देवळाचा. अहमदाबादच्या स्वामिनारायण पंथाच्या लोकांनी जानेवारी 1948 मध्ये दावा लावला की आम्ही हिंदू धर्मात मोडतच नाही, आमचा पंथ वेगळा, म्हणून मंदिर प्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. समोर मूलदास नावाचे दलित पुढारी होते. म्हणजे अस्पृश्याला आत घ्यायचे नाही म्हणून स्वतःचा धर्मच सोडायला निघाले! अठरा वर्षे खटला चालला. 14 जानेवारी 1966 रोजी, निवृत्तीला दोन महिने राहिले असताना, गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की हा पंथ हिंदूच आहे आणि मंदिर सर्वांना उघडले पाहिजे. त्यांची भीती अज्ञानातून आणि आपल्याच गुरूची शिकवण न समजल्यामुळे आली आहे, असेही सुनावले.

काळाराम मंदिरासमोर 1930 साली बसलेल्या आपल्या माणसांना हा निकाल हवा होता. 1966 पर्यंत आपण नागपूरला धम्म घेऊन दहा वर्षे होत आली होती, आणि देवळाचे दार उघडो की लागो, आपल्याला त्याचे काही उरले नव्हते. हक्क म्हणून निकाल चांगला. पण त्यातल्या एका गोष्टीशी आमचे बिलकुल जमत नाही. हिंदू धर्म किती मोठा आणि सर्वसमावेशक हे दाखवताना त्या निकालात सुधारकांची जी मालिका दिली आहे, तिच्यात भगवान बुद्धांनाही बसवले आहे. महावीर, बसवण्णा, ज्ञानेश्वर, तुकाराम, नानक यांच्या ओळीत. हिंदू विचारातली घाण काढायला आलेले एक साधुपुरुष, असा त्याचा अर्थ होतो. देऊळ उघडताना त्यांनी आपल्या विहाराला देवळाची ओसरी करून टाकले. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी जे केले ते घर झाडून घेण्यासाठी नव्हते, घर सोडण्यासाठी होते. बावीस प्रतिज्ञा वाचल्या तरी कळते. संस्कृत आणि हिंदू कायदा लहानपणापासून मुरलेल्या माणसाला हे दिसले नाही. त्यांच्या मनात खोट नसावी, पण साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या पोराला जे दिसले ते शेजारच्या वाड्यातून दिसत नाही.

निवृत्तीनंतर ते स्वस्थ बसले नाहीत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डिसेंबर 1966 मध्ये सरकारने पहिला राष्ट्रीय कामगार आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, 1969 साली अहवाल दिला. जिनिंगवाला, वीटभट्टीवाला, फडावरचा, ज्याला युनियनच करता येत नाही अशा असंघटित कामगाराचा विचार त्या अहवालात वेगळा केलेला आहे. नंतर विधी आयोगाचे अध्यक्षही झाले. 1972 साली पद्मविभूषण मिळाले आणि 12 जून 1981 रोजी ते वारले.

आता एक कामाची गोष्ट सांगतो. सुप्रीम कोर्टाचे निकाल मोबाईलवर फुकट वाचता येतात. इंग्रजी अवघड असते, पण आपल्या वस्तीत आता कॉलेजला जाणारी सात-आठ पोरे-पोरी आहेत. समितीने परवानगी दिली आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर, सकाळी नऊ वाजता, बालाजीचा निकाल घेऊन बसू. पोरांनी इंग्रजी वाचायचे, आम्ही आमच्या गावठी मराठीत प्रश्न विचारू. ज्यांना मराठा, ओबीसी शेजाऱ्यांना बरोबर आणायचे असेल त्यांनी खुशाल आणावे, चहा विहारातर्फे आहे. त्याच्या पुढच्या रविवारी रंगाचारी.

जय भीम.